कर्नल हेमू अधिकारी : खेळाडू ते व्यवस्थापक

विद्यार्थी मित्रांनो, खेळाडू निवृत्त झाल्यावर काय करतो, हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. युरोपात फुटबॉलचे खेळाडू पुढे संघाचे व्यवस्थापक होतात. स्वीडनचा गुन्नार नॉर्डाल मुळात अग्निशामक दलातला जवान. त्याने १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, इटलीत मिलानसाठी गोलांचा पाऊस पाडला आणि नंतर प्रशिक्षक झाला. आपल्या मराठी माणसांत असे उदाहरण शोधले, तेव्हा आम्हाला क्रिकेटमधले हेमू अधिकारी आठवले.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. सुरतकरांनी लक्षात ठेवावे की त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटची सुरुवात १९३६-३७ मध्ये गुजरातकडून केली. वय अवघे सतरा! पुढे ते बडोद्याकडून खेळले. मात्र महायुद्धामुळे कसोटी सामने बंद पडले आणि त्यांची उमेदीची वर्षे तशीच गेली. पहिली कसोटी मिळाली १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला, अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाल्यावर. त्यातच लष्कराची नोकरी. एकूण २१ कसोटी, ८७२ धावा, एकच शतक (दिल्ली, १९४८, वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११४). आकडे पाहून कोणी म्हणेल, यात विशेष काय?

विशेष पाहायचे तर १९५२ ची दिल्ली कसोटी पाहा. भारत-पाकिस्तानची ही पहिलीच कसोटी. भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले होते. अकराव्या क्रमांकावर गोलंदाज गुलाम अहमद आले. अधिकारींनी त्यांना सांभाळून घेत १०९ धावांची भागीदारी केली. गुलाम अहमद ५०, अधिकारी नाबाद ८१, भारत ३७२. पाकिस्तानच्या दोन्ही डावांची बेरीज झाली ३०२, आणि भारत एक डाव ७० धावांनी जिंकला. आता गणित करून पाहा. या १०९ धावा नसत्या तर भारताला पुन्हा फलंदाजीला उतरून ४० धावा कराव्या लागल्या असत्या. दहाव्या गड्यासाठीचा हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला. ढाक्यात तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ धावा करून तो मोडला. सामन्यात तेरा बळी घेणाऱ्या विनू मांकड यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, अधिकारींचे नसते. पालकांनी निकालाच्या दिवशी हेही आठवावे.

सैन्यदलाच्या संघाला त्यांनी १९५६-५७ व १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात नेले. दोन्ही वेळा हार झाली. १९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत आधी तीन कर्णधार होऊन गेले होते. शेवटच्या दिल्ली कसोटीत चौथे कर्णधार म्हणून एकोणचाळीस वर्षांच्या अधिकारींना नेमले. त्यांनी ६३ व ४० धावा केल्या, तीन बळीही घेतले आणि सामना अनिर्णित राखला. ती त्यांची शेवटची कसोटी.

१९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते व्यवस्थापक म्हणून गेले. कर्णधार अजित वाडेकर. अधिकारींची शिस्त लष्करी आणि क्षेत्ररक्षणावर भर फार. ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळले. त्या डावात एकनाथ सोलकरने फलंदाजाच्या अगदी जवळ झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला. तो झेल सरावाशिवाय हाती येत नाही, असे आमचे मत आहे. २४ ऑगस्टला भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय आणि मालिकाही जिंकली.

तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, तेच व्यवस्थापक आणि तेच कर्णधार इंग्लंडला गेले. लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत बाद झाला, मालिका ३-० ने गेली. १९७१ चे गोडवे गाताना हे पान कोणी उलटत नाही, पण पाठ अपुरा शिकवणे आम्हाला पटत नाही. अधिकारी मात्र खचले नाहीत. पुढेही ते तरुण मुलांना घडवत राहिले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आमच्या मैदानावर प्रत्येक मुलाला बॅट हवी असते. झेलांच्या सरावाला बोलावले की तहान लागते! म्हणून या सत्रापासून शनिवारी पहिला अर्धा तास फक्त क्षेत्ररक्षण होईल, आणि संघात निवड न झालेल्या मुलांनीही त्याला यायचे आहे.