मिसळही बेचव लागते!

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे. काही महिने व्हेप ओढतोय. हल्ली जीभ चुरचुरते, मिसळसुद्धा बेचव लागते. व्हेपमध्ये नुसती वाफच असते ना? फ्लेवर बदलू का?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : नुसती वाफ नव्हे. त्यातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल तोंड कोरडं करतं. लाळ आटली की चव मंदावते, जीभ चुरचुरते. 2019 पासून देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे चोरून मिळणाऱ्या मालात आणखी काय असेल, देव जाणे. फ्लेवर नको, व्हेपच सोडा. घाबरू नका, चव बहुधा परत येते. तोवर घोटघोट पाणी प्या, तर्री टाळा. तलफ आली म्हणून मिश्री मात्र अजिबात नको. चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर दंतवैद्यांना दाखवा. सोडणं जड गेलं, तर 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.