जक्कयाची चौपट आणि आमचें मन

शास्त्रपाठ : अनुवाद १५:१२-१८, लूक १९:१-१०

मोशेच्या नियमशास्त्रांतील एका आज्ञेकडे आमच्या मंडळ्यांचें लक्ष क्वचितच जातें. सहा वर्षें राबलेल्या दासाला सातव्या वर्षीं मोकळें करावें; इतकेंच नव्हे, तर त्याला रिकाम्या हातीं न लावितां आपल्या कळपांतून व खळ्यांतून उदारपणें द्यावें, असें ती सांगते. वऱ्हाडांतील सालदाराला याचा अर्थ फोडून सांगावयास नको. पाडव्याला साल संपून रिकाम्या हातीं घरीं जाणें म्हणजे काय, हें तो जाणतो.

आतां जगाचा व्यवहार पाहा. १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला व दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मिळाली धन्यांना! राबणाऱ्यांना छदामहि नाहीं. उलट पुष्कळांना १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नांवाखालीं त्याच धन्यांकडे राबावें लागलें. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या लोकांस अर्पण केलें, तें हें दुःख आपल्याहि दारचें आहे हें ओळखून.

असें जुनें देणें कोणी मागितलें म्हणजे माणसें चिडतात, तीं कां? केवळ लोभामुळें, असें आम्हांस वाटत नाहीं. समोरचा हिशेब सांगतो, पण ऐकणाऱ्याच्या कानीं आरोप पडतो. 'मीं कोणाला राबविलें?' असें तो विचारतो, आणि तें खरेंहि असतें. मात्र आजोबांचें शेत सातबाऱ्यावर चढवितांना 'हें मीं कमाविलेलें नाहीं' असें कोणी तलाठ्याला सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

दुसरें कारण अधिक खोल आहे. जग न्यायानें चाललें आहे असें मानल्यावांचून मनाला स्वस्थता नसते. मग जो दुःखांत आहे त्याचाच कांहीं दोष असला पाहिजे. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानें १९८० सालच्या ग्रंथांत हाच मनुष्यस्वभाव वर्णिला आहे. ईयोबाचे मित्र हेंच बोलले. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं प्रभूला हेंच विचारलें. आमच्याकडे त्याला पूर्वजन्मींचें कर्म म्हणत. मेलेलें ढोर ओढणारा, रात्रीं-अपरात्रीं निरोप पोंचविणारा महार आपल्या कर्माचें फळ भोगतो, असें एकदां ठरलें कीं गांव त्याचें कांहींच लागत नाहीं. १९२७ सालीं अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. दार उघडावयासच एवढा विरोध, मग कणगी उघडण्याची गोष्ट कशाला?

आणि ज्याचें घेतलें त्यालाच लाज वाटते, हें तर विशेष. वेठीचे दिवस विचारले कीं म्हातारीं माणसें विषय बदलतात.

राखीव जागांना लोक 'सवलत' म्हणतात. शब्द बदलला कीं देणेकऱ्याचा दाता होतो. १९५० च्या आदेशानें अनुसूचित जातींत मुख्यतः हिंदूंनाच धरिलें. १९५६ त शीख व १९९० त बौद्ध आले. ख्रिस्ती त्यांत नाहींत. जणूं बाप्तिस्म्याच्या पाण्यानें पिढ्यांचें राबणेंहि धुऊन गेलें!

जक्कयाकडे कोणी चौपट मागितली नव्हती. प्रभु प्रथम त्याच्या घरीं उतरला. लोक बाहेर कुरकुरत होते. त्यांच्या कुरकुरीनें जक्कयाची थैली कधींच सुटली नसती. आरोपाचें भय गेलें तेव्हां तो उभा राहिला आणि स्वतःच हिशेब मांडूं लागला.

प्रचारकांनीं हा पाठ घेतांना पाटलाच्या वाड्यापासून आरंभ करूं नये. आमच्याच मंडळ्यांत महारवाड्यांतून आलेलीं कांहीं घरें मांगवाड्यांतून आलेल्यांशीं सोयरीक करावयास अजून कचरतात. त्यांचें आपण कांहीं लागतों काय, हा प्रश्न प्रथम घालावा, आणि उत्तरासाठीं वेळ द्यावा.