बांबूचा धागा

दक्षिण चीनमधील खेड्यांत पूर्वी एक कारागीर दारोदार हिंडत असे. ज्या घरी टोपली, सूप, चटई किंवा कणगी हवी असेल, त्या घराच्या अंगणात तो बैठक मांडी. बांबू घरधन्याचा, जेवणही घरधन्याकडचेच. काम संपले की मजुरी घेऊन तो पुढच्या घरी जाई. चिनी भाषेत त्याला ‘म्येच्यांग’, म्हणजे कामट्यांचा कारागीर, असे म्हणत. त्याला नुसता ‘विणणारा’ म्हटले नाही, हे योग्यच झाले. कारण या धंद्यातील खरे कसब बांबू फोडण्यात आहे.

बांबू उभा चिरताना काप नेमका मध्यातून जावा लागतो. तो जरा ढळला की पातळ बाजूकडे धाव घेतो आणि कामटी वाया जाते. अशा वेळी कारागीर जाड बाजू किंचित अधिक वाकवतो. काप निमूटपणे मध्यावर येतो. मग कामटीचे पदर सोडवायचे. बाहेरचा हिरवा पदर चिवट, आतला पिवळसर पदर ठिसूळ. दोन्ही हात गुंतलेले असल्याने पदराचे टोक कित्येकदा दातांत धरावे लागते! पुढे लाकडात समोरासमोर रोवलेल्या दोन पात्यांमधून ती पट्टी ओढतात, तेव्हा तिची रुंदी सर्वत्र सारखी होते. आपले बुरूड जिला बेळ म्हणतात, ती हीच. जुन्या काळी शिकाऊ मुलगा गुरूकडे साधारणपणे तीन वर्षे राही, आणि त्याचा पहिला धडा फोडण्याचाच असे.

ही कला फार प्राचीन आहे. झेजियांग प्रांतात छियानशानयांग येथे १९५६ व १९५८ साली उत्खनन झाले. तेथे बांबूच्या दोनशेहून अधिक विणलेल्या वस्तू सापडल्या. चार हजार वर्षांहून अधिक काळ त्या पाणथळ मातीत टिकून राहिल्या होत्या.

सिचुआन प्रांतातील चेंगदू शहरात तर ही कला चिनी मातीच्या भांड्यांवर चढली. केसासारखा बारीक धागा भांड्याभोवती असा विणतात की एकही जोड दृष्टीस पडत नाही. ५० किलो बांबूतून असा धागा जेमतेम ४०० ग्रॅम निघतो, असे तेथील कारागीर सांगतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकच्या टोपल्या आल्या. त्या स्वस्त होत्या व पाण्याने कुजत नव्हत्या. त्यांना घेणाऱ्यांना दोष कसा द्यावा? मात्र अंगणातल्या कारागिराला येणारे बोलावणे हळूहळू थांबले. वर्षानुवर्षे अल्प मिळकतीवर हात घडविण्यास तरुणही तयार होईनात. २००६ साली चीन सरकारने बांबूच्या विणकामाला राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान दिले. सिचुआनमधील छिंगशेन येथे आता परदेशांतूनही विद्यार्थी ही कला शिकण्यास येतात. परंतु शेजाऱ्याच्या अंगणात बसून त्याची फाटलेली टोपली सांधून देणारा म्येच्यांग क्वचितच आढळतो.