जुन्या इमारतींतील भाडेकरू : दाद कोठे मागावी?

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईतील चाळी हा गृहनिर्माणाचा एक जटिल प्रश्न होय. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर स्थिरावली. भाडेकरूंना आसरा लाभला, परंतु उत्पन्न तुटपुंजे म्हणून मालकांनी देखभाल सोडली आणि पावसाळ्यात इमारती कोसळून जीवितहानी होऊ लागली. यावर उपाय म्हणून १९६९ मध्ये अधिनियम करण्यात आला व १९७१ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. पुढे हे मंडळ महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा, अर्थात म्हाडाचा, घटक बनले.

३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या या इमारतींवर दुरुस्ती उपकर आकारण्यात येतो. महानगरपालिका तो मालमत्ता कराबरोबर वसूल करते. तेव्हा दुरुस्तीची मागणी ही याचना नव्हे; तिला कायद्याचा आधार आहे. मात्र तक्रार चुकीच्या कार्यालयात गेली, तर एखादा पावसाळा वाया जातो आणि धोका तसाच राहतो.

काम कोणाचे?

खांब, तुळया, जिने, गच्ची यांसारख्या इमारतीच्या मुख्य भागांची दुरुस्ती मंडळाच्या कक्षेत येते. खोलीतील किरकोळ दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी होय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये मालकास किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही काम न झाल्यास भाडेकरू ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो; परंतु एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. जुनी भाडी अल्प असल्याने ही तरतूद लहान कामांपुरतीच उपयोगी पडते. मालकाने पाणी वा वीज तोडल्यास लघुवाद न्यायालयात दाद मागता येते.

तक्रारीच्या पायऱ्या

मंडळाकडील तक्रार प्रथम आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी द्यावी व प्रतीवर दिनांकासह पोच घ्यावी. तेथे दखल घेतली न गेल्यास ती पोच जोडून मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे जावे. २०२४ पासून म्हाडाचा स्वतंत्र लोकशाही दिनही भरू लागला. त्यासाठी विहित नमुन्यात अर्ज आगाऊ द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरणे तेथे घेतली जात नाहीत.

प्रशासनाच्या दिरंगाईने अन्याय झाला असल्यास लोक आयुक्तांकडे गाऱ्हाणे नेता येते. १९७१ च्या अधिनियमाने अशा गाऱ्हाण्यास, कृती माहीत झाल्यापासून बारा महिन्यांची मुदत घातली. म्हणूनच प्रत्येक पायरीवरील दिनांक महत्त्वाचा ठरतो. पाहणी अहवाल वा खर्चाचा अंदाज दाखविला जात नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करावा. त्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

धोका समोर असताना

भिंतीस नवी भेग पडली, तुळई झुकली किंवा छताचे पोपडे गळू लागले, तर अर्ज-उत्तराची वाट पाहू नये. प्रथम माणसे बाहेर काढावीत आणि मंडळाच्या अथवा महानगरपालिकेच्या नियंत्रण कक्षास त्वरित कळवावे. घर सोडले की हक्क गेला, या भीतीने अनेक कुटुंबे धोकादायक इमारतीत राहतात. संक्रमण शिबिरात जाताना जागा रिकामी करण्याची नोटीस, भाडेपावत्या आणि शिधापत्रिका जपून ठेवाव्यात. पुढे जुन्या जागेवरील हक्क याच कागदांनी सिद्ध होतो.

अर्ज कसा असावा?

अर्जात इमारतीचा उपकर क्रमांक, मजला, खोली, दोषाचे नेमके स्थान व तो प्रथम दिसल्याचा दिनांक नमूद करावा, छायाचित्र जोडावे. एकट्याच्या अर्जापेक्षा सर्व भाडेकरूंच्या सह्यांचा अर्ज अधिक परिणामकारक ठरतो, कारण मोडकळीस आलेला जिना साऱ्या चाळीचा असतो. भाडेकरूंनी पावसाळ्यापूर्वीच एकत्र बसून इमारतीची पाहणी करावी व सर्व पत्रव्यवहार एका फायलीत ठेवावा. कायद्याने दिलेले संरक्षण अशा जागरूकतेनेच प्रत्यक्षात उतरते.