साहित्याची काटकसर आणि इमारतीचे बळ : चंडीगडचा धडा

विद्यार्थी वसतिगृहासाठीचा निधी ठरावीक असतो. निवासाची गरज मात्र त्याहून मोठी असते. त्यामुळे वाया गेलेले सिमेंट व पोलाद म्हणजे न बांधल्या गेलेल्या खोल्याच होत. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात.

१९५० च्या दशकात चंडीगडची उभारणी होत असताना पोलाद व सिमेंट दुर्मीळ होते. वीट आणि मनुष्यबळ मात्र स्वस्त होते. साहजिकच तेथील शासकीय निवासस्थानांत विटेचा मोठा वापर झाला. पुढे पिअर जीनरे व बी. पी. माथुर यांनी पंजाब विद्यापीठाचा परिसर आकारास आणला. तेथील विद्यार्थी केंद्र वर्तुळाकार आहे. समान क्षेत्रफळाच्या चौरसापेक्षा वर्तुळाचा परिघ सुमारे ११ टक्के कमी असतो, म्हणजे बाह्य भिंत कमी लागते. मात्र वक्र साचेकामाची मजुरी वाढते. साहित्य आणि श्रम यांच्या सापेक्ष किमतींनुसार कोणती रचना किफायतशीर हे ठरते.

बहुमजली वसतिगृहात खरी बचत होते ती स्लॅबच्या दोन आधारांमधील अंतरात, म्हणजेच गाळ्यात. भार समान असताना गाळा दुप्पट केल्यास स्लॅबला वाकवणारे परिबल चौपट होते. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार साध्या आधारावरील स्लॅबसाठी गाळा व प्रभावी जाडी यांचे मूलभूत गुणोत्तर २० आहे. त्यानुसार ३ मीटर गाळ्यास १५० मिलिमीटर, तर ६ मीटर गाळ्यास ३०० मिलिमीटर प्रभावी जाडी येते. म्हणून खोल्यांमधील भिंती प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक ठेवून त्यांनाच आधार बनविणे हितावह ठरते.

तथापि काटकसरीला मर्यादा आहे. २००२ च्या भूकंपविषयक मानकात चंडीगडचा समावेश चौथ्या विभागात होता. भूकंपाचे बल इमारतीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. म्हणून अनावश्यक वजन टाळणे सुरक्षिततेलाही पूरक आहे. परंतु विटेच्या बांधकामातील भूकंपरोधक पट्टे किंवा खांब-तुळईच्या सांध्यातील पोलाद कमी करणे ही बचत नव्हे. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या.

सारांश, काटकसर आराखड्यात करावी, सुरक्षिततेत नव्हे.