बांबूचे बेट आणि बेटावरील बांबू

(परिसर अभ्यास : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

मराठीत ‘बेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चोहोंकडून पाण्याने वेढलेली भूमी म्हणजे बेट. आणि एकाच कंदातून दाटीने वाढलेला बांबूंचा समूह, तोही बेटच. शिक्षकांनी पाठाचा आरंभ या शब्दापासून करावा.

इंडोनेशियातील बाली बेटावर, बांगली जिल्ह्याच्या डोंगराळ भागात पेंग्लिपुरान नावाचे गाव आहे. गावाचे क्षेत्र सुमारे ११२ हेक्टर असून त्यांपैकी सुमारे ४५ हेक्टरांवर बांबूचे वन आहे. प्रवेशद्वारांवरील छपरे, स्वयंपाकघराच्या भिंती, टोपल्या या सर्वांस बांबू लागतो. गालुंगान या सणास बालीतील हिंदू कुटुंबे दारापुढे उंच, वाकत्या शेंड्याचा बांबू सजवून उभारतात. त्यास ‘पेन्जोर’ म्हणतात. आपल्या गुढीशी त्याची तुलना मुले सहज करतील.

बांबूचा इतका उपयोग होऊनही वन टिकून कसे राहिले? हा या पाठाचा मुख्य प्रश्न होय. त्याची उत्तरे दोन आहेत.

पहिले उत्तर निसर्गाचे. बांबू हे वस्तुतः गवत आहे. पावसाळ्यात कोंब वर येतो व काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढे तो जाड होत नाही, केवळ कठीण होत जातो. तीन-चार वर्षांनी तो पक्व होतो. पक्व बांबू तोडला तरी कंद जिवंत राहतो व नवे कोंब देतो. कोवळा बांबू तोडल्यास मात्र दुहेरी हानी होते : ती काठी टिकत नाही, आणि कंदास अन्न पुरविणारी पानेही जातात. कंद हे मुद्दल व पक्व काठी हे व्याज, हे मुलांस पटवून द्यावे.

दुसरे उत्तर माणसांचे. गावाच्या परंपरागत नियमांस ‘अविग-अविग’ म्हणतात. गावप्रमुखांच्या अनुमतीवाचून तेथे बांबू तोडता येत नाही. १९९५ साली गावास इंडोनेशिया शासनाचा ‘कल्पतरू’ हा पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०२३ साली जागतिक पर्यटन संघटनेच्या उत्तम पर्यटन ग्रामांच्या यादीत त्याचा समावेश झाला. तथापि पर्यटनाचा पैसा वाढला म्हणजे बांबू विणणारे हात टिकतीलच, असे नाही. वन राखावे लागते, तसे कौशल्यही राखावे लागते.

हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेस २०११ साली वनहक्क कायद्यान्वये आपल्या वनातील बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. अधिकाराबरोबर किती तोडावे व किती राखावे, हे ठरविण्याची जबाबदारीही येते.

कृती : मुलांस जवळच्या बांबूच्या बेटाकडे न्यावे. यंदाचे, गतवर्षीचे व जुने बांबू ओळखून त्यांची मोजणी करवावी. बांबूकाम करणाऱ्या गावातील वडीलधाऱ्यांस ओळख पटविण्यासाठी बोलवावे.

प्रश्न : १. पावसाळ्यात बांबूची तोड का करू नये? २. मोजलेल्या बेटातून यंदा कोणते बांबू तोडता येतील? ३. सर्वांचे वन राखण्यास गावाने कोणते नियम करावेत?