पोकळ काँक्रीटचे हलके पॅनल : वजन किती, आणि सांधा कसला?



काँक्रीटच्या तयार पॅनलची कुंपणे आता बहुतेक सर्वांच्या पाहण्यातली आहेत. खाचांचे खांब उभे करायचे, वरून एकेक पॅनल खाचेत सोडायचे, की झाले कंपाउंड. ना गवंड्याची वाट पाहणे, ना गिलावा. हे काम पाहिले की मनात साहजिकच येते, मग वस्तीवरच्या दोन खोल्या अशाच का उभ्या करू नयेत? शाळेची खोली, सोसायटीचे गोदाम, कामगारांची वसाहत अशा पॅनलची का नको? पोकळ पॅनलची घरे खरोखरच बांधली जातात आणि चांगली टिकतात. परंतु कुंपणाचे पॅनल आणि घराचे पॅनल यांत मोठा फरक आहे, आणि तो फरक पॅनलमध्ये कमी, सांध्यात जास्त आहे. तो समजावा म्हणून हा लेख.

पोकळी कशासाठी?

दोन दगडांवर फळी टाकून मधोमध माणूस उभा राहिला की फळी वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या गाभ्याला यात फारसे काम नसते. तो आपला वजनापुरता तिथे बसलेला असतो. बांबू, गव्हाची काडी, सायकलचा दांडा हे सगळे आतून पोकळ असून ताठ का राहतात, त्याचे उत्तर यातच आहे. काम करणारा माल कडेला ठेवायचा आणि बसून खाणारा काढून टाकायचा.

आता हिशोब करून पाहू. १२० सें.मी. रुंद आणि २० सें.मी. जाड असे छताचे पॅनल घ्या. त्यात लांबीच्या दिशेने १४ सें.मी. व्यासाची सहा भोके ठेवली, तर काँक्रीट सुमारे ३८ टक्के वाचते. वाकण्याला होणारा विरोध मात्र फक्त १४ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. म्हणजे पाच पोती मालातली जवळजवळ दोन पोती वाचली आणि ताठरपणा सातव्या हिश्शाने गेला. सौदा वाईट नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॅनलच्या टोकाशी, जिथे ते भिंतीवर टेकते तिथे, सगळा भार दोन भोकांमधल्या पातळ कण्यांवरून खाली उतरतो. म्हणून टेकू अपुरा असेल किंवा टोकाला तासून, ठोकून आखूड केलेले असेल, तर पॅनल तिथेच दगा देते.

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. त्यामुळे पॅनलच्या खालच्या अंगाला सळई किंवा ताणलेल्या पोलादी तारा असतात. मोठ्या कारखान्यात शंभर-शंभर मीटर लांबीच्या पाटावर तारा जॅकने ओढून धरतात. त्यावरून यंत्र सरकत जाते व अगदी कोरडा, घट्ट माल दाबून पोकळीसह ओतत जाते. माल पक्का झाला की तारा सोडतात. त्या आखडू पाहतात आणि काँक्रीटला खालून आवळून धरतात. मग हव्या त्या लांबीचे तुकडे करवतीने कापायचे. भिंतीची पॅनले बहुधा पातळ, नऊ ते बारा सें.मी. जाड आणि साठ सें.मी. रुंद असतात. त्यांच्या एका कडेला खाच व दुसऱ्या कडेला जीभ असते.

हलकेपणा आणण्याचा दुसराही मार्ग आहे. मोठ्या भोकांऐवजी मालातच बारीक बुडबुडे करायचे. चुना-सिमेंटच्या मालात ॲल्युमिनियमची पूड घातली की वायू सुटतो आणि माल ढोकळ्यासारखा फुगतो. नंतर तो दाबाच्या वाफेवर शिजवतात. स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात ही रीत निघाली. आपल्याकडे गवंडी ज्या विटेला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात ती हीच. पण ही जातच नाजूक. फाळणीनंतर निर्वासितांना घरे द्यावयाची म्हणून सरकारने दिल्लीला जंगपुऱ्यात घरांचा कारखाना काढला होता आणि फुगवलेल्या काँक्रीटची पॅनले करण्याचा बेत होता. पॅनलना तडे जाऊ लागले, ने-आण करताना ती मोडू लागली आणि तो बेत सोडावा लागला. १९५३ नंतर त्याच कारखान्याने साध्या काँक्रीटचा माल करून आपले बस्तान बसवले. आज हे तंत्र पुष्कळ सुधारले आहे. तरीही असे पॅनल ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांसारखे फेकून भरणाऱ्याने ते घेऊ नये.

वजनाचा हिशोब

तीन मीटर लांब व तीन मीटर उंच, म्हणजे साधारण दहा फूट बाय दहा फुटांची एक भिंत धरा. ती अडीच फुटी दगडमातीची असेल, तर तिचे वजन पंधरा टनांच्या घरात जाते. बैलगाडीत दोन-सव्वादोन टन ऊस धरला, तर या एका भिंतीत सहा-सात गाड्या ऊस उभा आहे म्हणा. नऊ इंची विटांची भिंत भरते सुमारे चार टन, म्हणजे दोन गाड्या. बारा सें.मी.च्या पोकळ पॅनलची भिंत पावणेदोन टनांच्या आतबाहेर, आणि पंधरा सें.मी.च्या फुगवलेल्या काँक्रीटची तर जेमतेम टनभर.

हे वजन कमी झाल्याने पाया लहान लागतो, वाहतूक कमी होते, ते ठीकच. पण खरा फायदा वेगळा आहे. जमीन हादरते तेव्हा घरावर येणारा हिसका घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. घर जितके जड, तितका हिसका मोठा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंप जगाच्या मानाने मध्यम होता. माणसे मारली ती दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंतींनी आणि लाकडी सरांवर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेल्या माळवदाच्या मातीने. अर्धा मीटर मातीचे माळवद म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला आठशे किलो. पोकळ पॅनलचे छत त्याच जागेवर अडीचशे-तीनशे किलो भरते. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, तो २००२ मध्ये वरच्या पट्ट्यात टाकण्यात आला.

परंतु किल्लारीच्या भिंती नुसत्या जड होत्या म्हणून पडल्या असे नाही. त्या सुट्या होत्या. आतला थर बाहेरच्या थराला बांधलेला नव्हता, कोपरे एकमेकांत गुंतलेले नव्हते. उसाची गाडी भरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बैलांनी हिसका दिला की दोर न आवळलेल्या गाडीच्या मोळ्या घसरतात. मग गाडी अर्धी भरलेली असो की पुरी. आता पॅनलचे घर म्हणजे तर मुळातच सुट्या तुकड्यांचे घर. वजन कमी झाले हे खरे, पण दोर कोणता?

सांधा

याचे उत्तर जगाने फार महाग दराने घेतले आहे. लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत मोठ्या काँक्रीट पॅनलची होती. १६ मे १९६८ रोजी सकाळी अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि साचलेल्या गॅसचा भडका उडाला. एका बाजूची भिंतीची पॅनले बाहेर ढकलली गेली. त्यांच्यावर टेकलेले वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचेही गेले. इमारतीचा अख्खा कोपरा पत्त्यांसारखा उतरला. चौघे मेले. त्या बाई वाचल्या. पुढे १९८६ मध्ये इमारत उलगडून उतरवली तेव्हा काही सांध्यांत काँक्रीटऐवजी वर्तमानपत्राचे बोळे सापडले! पॅनल कारखान्यात बनले होते, सांधा मात्र जागेवर कोणीतरी उरकला होता.

७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात, त्या वेळच्या सोव्हिएत राज्यात, मोठा भूकंप होऊन पंचवीस हजारांहून अधिक लोक मेले. लेनिनाकान शहरात, आताचे नाव ग्युम्री, नऊ मजली तयार सांगाड्याच्या इमारतींवर पोकळ पॅनलचे मजले टाकलेले होते. ही पॅनले एकमेकांना आणि तुळयांना नीट बांधलेली नव्हती, वर काँक्रीटचा थरही नव्हता. यांतल्या बहुसंख्य इमारती पडल्या किंवा निकामी झाल्या. त्याच शहरात मोठ्या भिंत-पॅनलच्या इमारती उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या भिंती व मजले सळया जोडून आणि सांधे भरून पेटीसारखे एक केलेले होते. दोन्हीही पॅनलचीच घरे, हे विसरू नये. आपल्या शेजारी गुजरातेत २६ जानेवारी २००१च्या भूकंपात खेड्यांतल्या नव्याकोऱ्या तयार शाळाखोल्या कोसळल्या. त्यांच्या छताची पॅनलेही नुसती टेकवलेली होती.

मग चांगला सांधा कसा असतो? छताच्या दोन पॅनलमधल्या फटीत बारीक खडीचा पातळ माल तळापर्यंत भरलेला असतो आणि त्यात सळई असते. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा असतो व पॅनलमधून निघालेल्या सळया त्या पट्ट्यात गुंतलेल्या असतात. छतावर पाच-सहा सें.मी. जाडीचा, जाळी घातलेला काँक्रीटचा थर जागेवर ओतलेला असतो, त्यामुळे सुटी पॅनले मिळून एक ताट बनते. उभ्या भिंत-पॅनलच्या काही पोकळ्यांत, विशेषतः कोपऱ्याला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना, पायातून आलेली सळई उभी करून पोकळी काँक्रीटने भरतात. हे सगळे करायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि अंगावर जबाबदारी घेणारा मिस्त्री लागतो. ‘दोन दिवसांत घर’ असे जो सांगतो, त्याने यातले बहुतेक गाळलेले असणार. कुंपणाचे पॅनल खाचेत नुसत्या वजनावर बसते. ते पडलेच तर शेळी आत येईल, एवढेच.

विचारावयाचे प्रश्न

पॅनल घेणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा की, हे पॅनल भार घेणारे आहे की नुसते आडोशाचे? बाजारातली बरीच पातळ पोकळ पॅनले फक्त आडोशाची असतात. कॉलम-बीमचा सांगाडा वेगळा उभारून त्यात ती बसवावयाची असतात. त्यांच्यावर स्लॅब टाकणे म्हणजे कळून-सवरून केलेला अपघात. दुसरे, सांध्याचा नकाशा मागावा. पॅनलचा नव्हे, सांध्याचा. पोकळ पॅनलच्या छतासाठी भारतीय मानक १०२९७ आणि तयार काँक्रीटच्या इमारतींसाठी १५९१६ आहे. इंजिनिअरने यांना धरून सही केलेला कागद द्यावा. पुढेमागे वर मजला चढवायचा असेल तर तेही आधीच सांगावे. नंतर विचारून उपयोग नाही.

खर्चाचे म्हणाल, तर एकट्यादुकट्या घराला हे बहुधा परवडत नाही. बारा सें.मी.चे एक भिंत-पॅनल तीन मीटर उंचीला तीन-साडेतीनशे किलो भरते. ‘हलके’ हा शब्द विटेच्या भिंतीच्या मानाने, माणसाच्या खांद्याच्या मानाने नव्हे. क्रेन किंवा चेन पुली पाहिजे, क्रेन यायला वाट पाहिजे, आणि कारखाना फार लांब असेल तर भाड्यातच सगळी बचत जाते. एकाच मापाच्या वीस-पंचवीस खोल्या असतील, म्हणजे वसाहत, शाळा, वसतिगृह, तिथे मात्र याचा विचार जरूर करावा. गारव्याचीही फार आशा धरू नये. पोकळीतल्या हवेने थोडा फरक पडतो, पण जुन्या अडीच फुटी भिंतीची दुपार या भिंतीत नाही.

राहायला गेल्यावर भिंतीला नवे दार-खिडकी फोडू नये. छताच्या पॅनलला खालून भोक पाडताना तार तुटली तर वरून काही दिसत नाही, पण ताकद गेलेली असते. बांधकाम चालू असताना पावसाचे पाणी पोकळीत साचते. ते निघून जावे म्हणून तळाला बारीक भोके ठेवतात. ती रंगाऱ्याने बुजवली तर छत गळत नसतानाही महिनोन्‌महिने ओल दिसत राहते.

आपल्या कारखान्याच्या माणसांसाठी दोन गोष्टी जाता जाता. बगॅसची राख नीट जळलेली असेल आणि बारीक दळली, तर तिच्यातली सिलिका चुन्याशी मिळून सिमेंटसारखे काम करते. काही हिश्शात ती सिमेंटऐवजी चालते. परंतु बॉयलरखालून उचललेल्या राखेत अर्धवट जळलेला कोळसा असतो, तो पाणी पितो व माल कमजोर करतो. तेव्हा प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज ती सांध्याच्या मालात घालू नये. दुसरी गोष्ट साखरेची. पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीमागे पंचवीस ग्रॅम साखर पडली तरी माल घट्ट व्हायला काही तास उशीर होतो, आणि अर्धा किलो पडली तर तो जवळजवळ घट्ट होतच नाही. आपल्याकडे मळीची रिकामी पिंपे आणि साखरेची पोती घरोघर असतात. माल कालवण्याचे पाणी त्या पिंपात भरू नये, कितीही धुतलेले असले तरी, आणि त्या पोत्यांतून वाळूही वाहू नये.